लाल ठिपका, हिरवी खूण

१ सप्टेंबर, सोमवार

आलं एकदाचं! सहा महिने ज्याचा धोशा लावला होता ते नवं सॉफ्टवेअर आज लॅबमध्ये बसलं. बसवायला आलेल्या माणसाच्या गळ्यात टाय, आणि दर वाक्याला 'एकदम सोपं आहे मॅडम'. काकू लगेच माझ्या कानाशी — "ताई, जो माणूस इतक्यांदा सोपं म्हणतो ना, तो एकदा जिना उतरला की फोन उचलत नाही." तेवीस वर्षं माझ्याकडे रक्त काढतायत काकू. माणूस बघूनच ओळखतात.

पण दिसायला देखणं आहे हं! नाव टाका, नंबर पडतो. आकडे टाका, रिपोर्ट छापून बाहेर. एकेका माणसापुढे हिरवी खूण येते — काम पूर्ण. आणि लघवीच्या रिपोर्टात तर काही टाइपच करायचं नाही. 'नाही, नाही, नॉर्मल, नाही' हे सगळं आधीच भरलेलं असतं. वेगळं दिसलं तर तेवढंच बदलायचं. हे मला फारच आवडलं. इतकी वर्षं दिवसाला पन्नास वेळा 'नाही' लिहून माझी बोटं झिजली.

रक्ताचं मशीन मात्र कॉम्प्युटरला जोडलेलं नाही. 'पुढच्या टप्प्यात' म्हणे. तोवर मशीनवरचे आकडे काकू कागदावर उतरवणार, आणि कागदावरचे मी कॉम्प्युटरमध्ये भरणार. म्हणजे काम जुनंच, खुर्ची नवी.

घरी येऊन यांना सगळं रंगवून सांगितलं. हे म्हणाले, "जावई आणलास म्हणायचा! आता काढत बस रुसवेफुगवे."

२ सप्टेंबर

पहिला रुसवा. पंच्याहत्तरीच्या आजोबांच्या रिपोर्टात छापलं — 'गर्भधारणा : नाही'. आजोबांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "बरं झालं बाई, जिवाला घोर लागला होता." सगळे हसलो. ती ओळ काढायला मात्र चार वेळा छापावं लागलं.

३ सप्टेंबर

तारीख उलटी छापतंय. आज रक्त दिलेल्या एकोणचाळीस लोकांना मी मार्च महिन्याचे रिपोर्ट दिले. हेल्पलाइनला फोन केला. बावीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक मुलगी आली, म्हणाली, "बंद करून परत चालू करा." एवढंच ऐकायला बावीस मिनिटं!

टायवाला फोन उचलत नाही. काकू नुसत्या बघून हसल्या.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आजचा दिवस पाण्यात. लिहून काढते, तेवढाच राग उतरेल.

आमच्याकडे एक पद्धत आहे, काकूंनी पाडलेली. मशीनला एखादं रक्त झेपलं नाही की पडद्यावर आकड्यांऐवजी नुसत्या रेघा येतात. कधी नळीत गुठळी असते, कधी रक्त नीट हलवलेलं नसतं. दहातल्या नऊ वेळा असलंच काहीतरी फुटकळ. दहाव्या वेळी मात्र रक्तात पेशी इतक्या अफाट असतात की मशीनला त्या मोजताच येत नाहीत. दोन्हींच्या रेघा सारख्याच! म्हणून रेघा आल्या की काकू कागदावर त्या माणसाची अख्खी ओळ कोरी ठेवतात आणि शेजारी लाल पेन्सिलीनं ठिपका देतात. नळीलाही लाल ठिपका, आणि नळी फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रक्त विरळ करून पुन्हा लावायचं, काचेवर पसरून डोळ्यांनी बघायचं, आणि मगच आकडा लिहायचा. 'कोरं म्हणजे थांबा' हे आमच्या लॅबच्या भिंतींनासुद्धा पाठ आहे.

आणि हे नवं ध्यान! एकाची ओळ कोरी दिसली की त्याच्यामागच्या सगळ्यांचे रिपोर्ट अडवून बसतं. आज सात नंबर कोरा होता. आठपासून चाळीसपर्यंतची माणसं बाहेर बाकांवर, आणि मी आत बटणं बडवतेय. एक बाई बाहेरून ओरडली, "अहो, माझं रक्त नासलं का वाट बघून?"

शेवटी जुन्या पद्धतीनं हातानं लिहून दिले रिपोर्ट. तेहेतीस! हात अजून दुखतोय.

८ सप्टेंबर

पुन्हा अडलं. आज तर दुसराच नंबर कोरा. म्हणजे सकाळपासून दुकान बंद!

हेल्पलाइनवर मी फार बोलले. मला रक्तदाब आहे हे विसरून बोलले. "कोरी जागा दिसली की अडायचं नाही, समजलं? काय वाट्टेल ते करा, पण माझा एकही रिपोर्ट अडता कामा नये!"

पलीकडची मुलगी म्हणाली, "नोंदवलं मॅडम. तुमच्याच शब्दांत नोंदवलं."

९ सप्टेंबर

हे दुपारी जेवून जे झोपले ते संध्याकाळी पाचला उठले. शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, दुपारी कधी डोळा लागला नाही म्हणायचे. निवृत्तीचा आळस, दुसरं काय.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अपडेट आलं. आणि अडत नाही!! एकदाही नाही! सकाळी चौथाच नंबर कोरा होता, मी जीव मुठीत धरून बटण दाबलं — सरसर सरसर एकेचाळीस रिपोर्ट बाहेर. पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरव्या खुणा. ओरडल्याशिवाय या जगात काही होत नाही हेच खरं.

काकूंना बसवून शिकवलं. म्हटलं, हे बघा, हिरवी खूण आली म्हणजे त्या माणसाचं काम संपलं. आता कुठली नळी राहिली, कुठली परत लावायची, हे डोक्यात ठेवायला नको.

काकू चष्म्यावरून बघत राहिल्या. "पण कोऱ्याचं काय करतं ते?"

"करत असेल काहीतरी. ठेवत असेल बाजूला."

"बाजूला म्हणजे कुठं?"

मी म्हटलं, "काकू, तुम्ही शंका काढण्यात वाघ आहात." विषय तिथंच संपला.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज काकूंनी यांचं रक्त काढलं. दर वर्षी वाढदिवसाच्या आधी काढतोच, पण यंदा मीच घाई केली. चार दिवसांपूर्वी यांच्या दंडावर एक जांभळा डाग बघितला, तळहाताएवढा. म्हटलं, हे काय? तर म्हणे, पिशवीचा पट्टा लागला असेल. कसली पिशवी, कसला पट्टा — यांनाच आठवत नाही. शिवाय जिना चढून आले की अर्ध्या वाटेत उभे राहतात, आणि वर 'खिडकीतून बघत होतो' म्हणतात. जिन्याच्या खिडकीतून दिसते फक्त समोरची भिंत.

लॅबचा एक नियम आहे आणि तो मी कधी मोडलेला नाही. घरच्या माणसाचं रक्त आपण काढायचं नाही, तपासायचं नाही. डोळा खोटं बोलतो, हवं तेच बघतो. म्हणून घरच्यांच्या नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. कुणाचा नंबर कुठला ते काकूंनाच माहीत. रिपोर्टही बिननावाचा छापून निघतो, काकू मागाहून शाईनं नाव लिहून देतात. आणि पक्का आकडा हातात येईपर्यंत घरच्यांना अवाक्षर सांगायचं नाही, हे त्यांचं स्वतःचं पोटकलम. आज काकूंच्या भावाचंही रक्त होतं, म्हणजे दोन बिननावी.

काकू दुपारीच गेल्या. मुलीला कळा सुरू झाल्या. कागद माझ्यापुढे ठेवला, पिशवी उचलली आणि अक्षरशः पळाल्या. चार दिवस येणार नाहीत. मी एकटीनं अडतीस ओळी भरल्या. भरताना माझं निम्मं लक्ष फोनवर होतं, निम्मं बाहेरच्या बाकांवर.

१६ सप्टेंबर

एकटीनं लॅब चालवणं म्हणजे एका हातानं पोळी लाटण्यासारखं. सुई मीच, मशीन मीच, कागद मीच, पावती मीच.

फ्रिजमध्ये कालची एक नळी उरली होती. एकतीस नंबर, लाल ठिपका. कॉम्प्युटरवर बघितलं — कालच्या अडतीसच्या अडतीस हिरव्या खुणा. म्हणजे काकूंनी जाण्याआधी परत लावली असणार. टाकून दिली. फ्रिजमध्ये जागा तरी झाली.

१७ सप्टेंबर

काकूंना नात झाली! फोनवर रडत होत्या, हसत होत्या, मधूनच विचारत होत्या — "मशीन सकाळी धुतलंत ना?"

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काकू आल्या. आल्या आल्या माझ्या तोंडात काहीतरी गोड कोंबलं. मग बिननावी रिपोर्टांवर नावं लिहून यांचं पाकीट माझ्या हातात दिलं. देताना जरा थबकल्या. "ताई, ठिपक्याचं सगळं तुम्ही परत लावलंत ना?"

मी म्हटलं, "झालंय हो सगळं, हिरव्या खुणा बघा की!"

"मग ठीक," म्हणाल्या. चेहरा एकदम मोकळा झाला त्यांचा.

आणि रिपोर्ट काय सुरेख आहे! हिमोग्लोबिन साडेचौदा. पांढऱ्या पेशी ७४००. प्लेटलेट अडीच लाख. पुस्तकात छापावा असा. एकसष्ट वर्षांच्या माणसाचं रक्त नव्हेच हे, कॉलेजातल्या पोराचं! दुपारी लॅबच्या मोरीत जाऊन दोन मिनिटं रडले मी. कुणाला सांगितलं नव्हतं, पण तो डाग बघितल्यापासून घास उतरत नव्हता. आज नीट जेवले.

२१ सप्टेंबर, रविवार

यांच्यावर चिडले. बाजारात जाऊ म्हटलं तर 'तू जा, मला दमल्यासारखं वाटतंय'. म्हटलं, रिपोर्ट उत्तम आहे, आता नाटकं पुरे! दिवसभर खुर्चीत बसून जुने नकाशे चाळायचे, मग दमायला काय होतंय? उठा, चाला.

उठले बिचारे. कोपऱ्यापर्यंत आले आणि दिव्याच्या खांबाला टेकून उभे राहिले. मी पुढं निघून गेले होते. मागं वळून बघितलं तर माझ्याकडे बघून हात हलवत होते — जा जा, येतो म्हणून.

२२ सप्टेंबर

एक गंमत. आज एका शिंप्याच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी ७४००. मला वाटलं, हा आकडा कुठं तरी बघितलाय. आठवलं — यांचा! शनिवारी त्या पोस्टातल्या बाईंचाही ७४००च होता. योगायोग. माणसांची नावं जुळतात, आकडे का जुळू नयेत?

२३ सप्टेंबर

यांचा दात घासायचा ब्रश गुलाबी झालाय. म्हणाले, नवा ब्रश कडक आहे. मी मऊ आणून दिला.

२४ सप्टेंबर, बुधवार

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन. आवाज नेहमीसारखा नव्हता. तेराव्या तारखेला त्यांनी बेकरीवाल्याला रक्त तपासायला माझ्याकडे पाठवलं होतं. चाळिशीचा माणूस, ताप उतरत नव्हता, हिरड्यांतून रक्त येत होतं. मी रिपोर्ट दिला : सगळं नॉर्मल. त्या रिपोर्टाच्या भरवशावर त्यांनी दहा दिवस साध्या तापाची औषधं दिली. काल तो बेकरीतच कोसळला. मोठ्या हॉस्पिटलात नेला. तिथं पांढऱ्या पेशी आल्या दोन लाख दहा हजार — रक्ताचा कॅन्सर.

"तुमच्या रिपोर्टात किती होत्या माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

त्या सांगायच्या आधीच माझ्या तोंडून निघालं, "चौऱ्याहत्तरशे."

२५ सप्टेंबर

तेरा तारखेचा कागद काढला. बेकरीवाल्याची ओळ कोरी. शेजारी लाल ठिपका.

काकूंना विचारलं, परत का नाही लावली? काकू हळूच म्हणाल्या, "लावणार होते. पण बघितलं तर हिरवी खूण. तुम्हीच म्हणालात ना ताई, हिरवी आली की संपलं. मला वाटलं, तुम्ही लावलीत." आणि मला वाटत होतं, त्यांनी लावली. दोन शहाण्या बायका, तेवीस वर्षं एका टेबलाशी!

त्यांना मी काय तोंडानं बोलणार?

दुपारी बाक रिकामे झाल्यावर दार लावून घेतलं. कॉम्प्युटरवर एक माणूस तयार केला. नाव 'कुणी नाही'. वय साठ, पुरुष. एकही आकडा भरला नाही. सगळ्या जागा कोऱ्या. बटण दाबलं.

छापून आला. हिमोग्लोबिन साडेचौदा. पांढऱ्या पेशी ७४००. प्लेटलेट अडीच लाख. खाली माझी सही, छापील. शेजारी हिरवी खूण.

जगात नसलेल्या माणसाचं रक्त एकदम उत्तम होतं. कागद मी काकूंपुढे धरला. काकूंनी वाचला आणि पदराचा बोळा तोंडाशी धरला.

मग मी स्त्री टाकून बघितलं. वीस वर्षांची, नंतर ऐंशीची. दोघींचं हिमोग्लोबिन तेरा. बाकी तेच.

२६ सप्टेंबर

कंपनीला फोन. आज संगीत नाही, लगेच उचलला. टायवाला स्वतः आला लाइनवर! डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही पत्र धाडलंय वाटतं.

म्हणतो, "मॅडम, ही चूक नाही. ही सोय आहे. लघवीच्या रिपोर्टात तुम्हाला आवडली होती तीच. आठ तारखेला तुमचीच तक्रार आहे — कोरी जागा अडायला नको. वाचून दाखवू?" आणि वाचून दाखवली. 'काय वाट्टेल ते करा.' माझेच शब्द, माझाच राग, एका परक्या माणसाच्या आवाजात!

म्हटलं, अहो, पण लघवीत 'नाही' लिहिणं आणि रक्तात आकडा लिहिणं एकच का? कोरं म्हणजे थांबा असतं!

"तसं कुठं लिहिलेलं नव्हतं मॅडम."

खरं आहे. लिहिलेलं नव्हतंच. भिंतींना पाठ होतं, कंपनीला कोण सांगणार? पहिल्या आठवड्यात ते अडत होतं तेच शहाणपणाचं वागत होतं. माझ्याहून शहाणं. मीच ओरडून ओरडून त्याला बिघडवलं.

कॉम्प्युटरची वायर उपटून ठेवली. उद्यापासून सगळं हातानं.

२७ सप्टेंबर, शनिवार

बेकरीवाला गेला. सकाळी.

डॉक्टरीणबाई स्वतः येऊन सांगून गेल्या. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "दहा दिवस आधी कळतं, तर काहीतरी करता आलं असतं," एवढंच म्हणाल्या आणि पाणी न पिता गेल्या. त्यांच्या दवाखान्याच्या वाटेवरच बेकरी आहे. शटर खाली होतं.

त्याला दोन मुली आहेत, थोरलीच्या लोहासाठी दर वर्षी माझ्याकडे यायचा. सुईला मुलगी घाबरायची नाही, हाच डोळे मिटून घ्यायचा.

मी आणि काकूंनी बारा तारखेपासूनचे सगळे कागद जमिनीवर मांडले. लाल ठिपके शोधले. एकूण अकरा. अकरा माणसांना माझ्या सहीनं 'तुम्ही ठणठणीत आहात' असं सांगितलं गेलंय. एक गेला. राहिले दहा. दहांना शोधायचं.

काकूंची बोटं एका कागदावर थांबली होती. पंधरा तारखेच्या. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी दुसरा कागद उचलला. जाताना दारात उभं राहून म्हणाल्या, "ताई, आज लवकर घरी जा." मी म्हटलं, का? तोवर त्या जिना उतरत होत्या.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून फोन आणि पायपीट. नऊ माणसं सापडली. प्रत्येकाला तेच — "आमच्याकडून चूक झाली, पुन्हा रक्त द्याल का?" शिंपी चिडला, पण आला. पोस्टातल्या बाईंनी मलाच धीर दिला. काकू सुट्टीच्या दिवशी येऊन बसल्या. नऊच्या नऊ रक्तं विरळ करून लावली, काचेवर बघितली. आठ अगदी ठीक. गुठळी, नाहीतर नीट न हलवलेलं. एकाला जंतुसंसर्ग आहे, पण वेळेत कळला, औषध सुरू झालं. प्रत्येक काच मी दोनदा बघितली.

म्हणजे दहातल्या नऊ वेळा फुटकळच असतं. मी म्हणतेच ना.

राहिला एक. पंधरा तारीख. नाव नाही, नुसता नंबर. एकतीस.

बिननावी म्हणजे घरचं. त्या दिवशी बिननावी दोन होते. चौदा आणि एकतीस. काकूंचा भाऊ आणि हे. चौदा नंबरचे आकडे कागदावर नीट लिहिलेले आहेत. एकतीसची ओळ कोरी आहे.

काकूंना विचारता आलं असतं. समोरच बसल्या होत्या, माझ्याकडे न बघता बाळाचं टोपरं विणत होत्या. नाही विचारलं. एकतीस त्यांच्या भावाचा असेल, असं मनाशी म्हणून बघितलं. आणि लगेच शरम वाटली — बिचाऱ्या माणसानं काय घोडं मारलंय माझं?

घरी येऊन ही वही मागे मागे वाचत गेले. सोळा तारखेपाशी थांबले. 'एकतीस नंबर, लाल ठिपका. टाकून दिली. फ्रिजमध्ये जागा तरी झाली.' माझंच अक्षर. तीनदा वाचलं.

७४०० हा आकडा खराही असतो ना? हजारो माणसांच्या रक्तात असतो. खरा म्हणूनच तर कंपनीनं तो निवडला.

यांचा रिपोर्ट कपाटात फाइलीत आहे. कोपऱ्यात नंबर छापलेला असतो. उठून चार पावलं जायचं, एवढंच. हे पलीकडच्या खुर्चीत नकाशा मांडीवर घेऊन पेंगतायत. नाकाशी रुमाल धरलाय, म्हणतात हवा कोरडी आहे. मी अजून बसलेलीच आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार, सकाळ

फाइल उघडली. कोपऱ्यात एकतीस.

यांना लॅबमध्ये आणलंय. नियम मोडला, रक्त मीच काढलं. काकू मशीनपाशी पाठमोऱ्या उभ्या आहेत. वीस मिनिटं झाली, सुईच्या जागेवरचा कापूस तीनदा बदलला, चौथाही लाल होतोय. मी तो एका हातानं दाबून धरलाय आणि दुसऱ्या हातानं हे लिहितेय, कारण नाहीतर मी ओरडेन. हे माझ्याकडे बघून हसतायत. म्हणाले, "अगं, एवढी का घाबरतेस? रिपोर्ट तर उत्तम आला होता ना?"